पालाश कमी पडल्यावर गव्हात काय होतं
पालाश (म्हणजे पोटॅशियम) कमी पडलं की गव्हाची जनुकं बदलतात, असं म्हटलं जातं; पण ते तसं नाही. जनुकं तीच राहतात, कोणती किती चालू राहायची ते बदलतं. मुळांना टंचाई जाणवली की कॅल्शियमचे संकेत उठतात, सीबीएल नावाची प्रथिनं ते ओळखून सीआयपीके किनेजांना (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचं काम बदलणाऱ्या विकरांना) कामाला लावतात. ही साखळी मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या छोट्या रोपात उलगडली; गव्हातही तिचे घटक आहेत. शिवाय एचएके गटातल्या काही वाहकांची (पोटॅशियम पेशीत आत नेणाऱ्या प्रथिनांची) जनुकं जोरात चालू होतात. मातीत अगदी थोडं पोटॅशियम असलं तरी ते खेचून घेणारी ही वाहकं! पण गव्हात ए, बी, डी असे 3 जनुकसंच (जनुकांचे पूर्ण संच) आहेत. बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती, आणि तिन्ही सारख्याच जोमाने चालतील असं नाही. पालाशची टंचाई सोसण्यातला वाणावाणांतला फरक शोधायचा तर माझ्या मते आधी इथेच बघायला हवं.