मदत हवी आहे: दुधाच्या पिशव्यांचं बसकर

नमस्कार मंडळी, क्रोशा येणारं कोणी आहे का इथे? आम्ही टोरंटोजवळ राहतो. इकडे ऑन्टारिओत ४ लिटर दूध म्हणजे मोठ्या पिशवीत १.३३ लिटरच्या तीन पिशव्या, आणि सासूबाई त्यातली एकही टाकू देत नाहीत, धुवून उलटी करून सिंकवर वाळत घालतात, पुण्यात रद्दीवाल्यासाठी जमवायच्या तशाच, फक्त इथे रद्दीवाला येत नाही त्यामुळे कपाट भरलंय. आता बाहेरच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून बसकर विणायचंय, कारण नातवाच्या आइस हॉकी प्रॅक्टिसला रिंकच्या बाकावर बसून आमची हाडं गोठतात.

तर पट्ट्या किती रुंद कापायच्या? गाठ मारून जोडायच्या की एकमेकींत अडकवून? आणि सुई किती नंबरची, लोकरीच्या सुईवर प्लास्टिक सरकतच नाही, ओढलं की तुटतं.

रंगाचं भांडण वेगळंच. मुलगा टोरंटोच्या आइस हॉकी संघाचा, म्हणजे मेपल लीफ्सचा, त्याला निळं-पांढरं पाहिजे, नवरा आधी मॉन्ट्रियलला होता म्हणून तिथल्या संघाचा, कॅनेडियन्सचा कट्टर, त्याला लाल काठ हवा. लीफ्सनी १९६७ नंतर स्टॅनली कप (हॉकी लीगचा मोठा चषक) जिंकला नाही हे तो जेवताना ऐकवतो, मग मुलगा लगेच कॅनेडियन्सच्या शेवटच्या कपचं १९९३ साल काढतो (तुमचा तरी कुठे ताजा आहे!). सासूबाईंचं म्हणणं, रंगासाठी एक पैसा खर्च करायचा नाही. ब्रेडच्या लाल पिशव्या आहेत घरात, पण त्या फार पातळ वाटतात, दुहेरी घेतल्या तर टिकतील का?