त्या शवपेट्या खऱ्याच आहेत
स्कॉटिश लेखक इयन रँकिनच्या 'द फॉल्स' या रहस्यकादंबरीतल्या चिमुकल्या शवपेट्या ही लेखकाची कल्पना, असं कुणी कुणी म्हणतं. तसं नाही हो. १८३६ साली एडिंबरातल्या आर्थर्स सीट टेकडीवर सशांमागे गेलेल्या पोरांना कपारीत खरोखर अशा १७ पेट्या सापडल्या. त्यातल्या ८ उरल्यात, तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात. मी काचेला नाक लावून पाहिल्या: बोटाएवढी लाकडी बाहुली, अंगावर शिवलेले कपडे आणि डोळे टक्क उघडे. ते डोळे अजून आठवतात.

एडिंबरातच माणसं मारून त्यांची प्रेतं विकणाऱ्या बर्क-हेअर या खुनी जोडीने १८२७-२८ मध्ये शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकलेली प्रेतंही १७च, म्हणून पेट्यांचा संबंध त्यांच्याशी जोडतात. मला नाही पटत. त्यांच्या बळींत बायका जास्त होत्या. उरलेल्या बाहुल्या मात्र सगळ्या पुरुषांच्या.