विज्ञान आणि कला यांचा सामायिक अभ्यासक्रम : सांधा नेमका कुठे जुळवावा?

धागालेखक : प्रथमवर्ष

आमच्या विद्यापीठात विज्ञान आणि दृश्यकला या दोन्ही शाखांच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एका सत्राचा सामायिक अभ्यासक्रम आखायचे ठरले असून, त्यासाठी नेमलेल्या समितीत मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून आहे. कागदावर ही कल्पना देखणी दिसते. परंतु मागच्या वर्षी केलेल्या छोट्या प्रयोगामुळे मी सावध झालो आहे. कलेच्या विद्यार्थ्यांनी पेशीविभाजनाची भित्तिचित्रे रंगवली, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना माहिती पुरवली, प्रदर्शनाचे कौतुक झाले आणि दोन्ही बाजूंचे विद्यार्थी जसे आले होते तसेच परत गेले. एका चित्रात गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येण्याआधीच दोन टोकांकडे ओढली जाताना दाखवली होती. चित्रकाराला ती रचना तोलदार वाटली होती आणि माहिती पुरवणाऱ्याने तयार चित्राकडे एकदाही नीट पाहिले नव्हते, त्यामुळे प्रदर्शन संपेपर्यंत ही चूक कोणाच्याच लक्षात आली नाही.

इंग्रज वैज्ञानिक व कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानात वैज्ञानिक आणि साहित्यिक यांच्यातल्या दरीबद्दल जी खंत मांडली, तिचा दाखला आमच्या प्रत्येक टिपणात येतो. पण सोमवारी सकाळी वर्गात काय करायचे, हे त्यातून कळत नाही. दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांचे एकमेकांवाचून अडेल, असा विषय कोणता? आणि अशा कामाला गुण कसे द्यावेत?

प्रतिसाद : निळाई

मी रसायनशास्त्र शिकवते आणि अशा अभ्यासक्रमाची दोन आवर्तने माझ्या हातून झाली आहेत. आपल्या भित्तिचित्रांची अडचण मला अशी दिसते की तिथे प्रश्न विज्ञानाचा होता आणि कलेकडे केवळ सजावट आली होती. सांधा अशा जागी जुळवावा, जिथे एकाच गोष्टीपाशी दोघेही अडतात.

शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची हकिकत मी पहिल्याच तासाला सांगते. १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगविभागाची जबाबदारी त्याच्याकडे आली, तेव्हा निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा रंग विटका दिसतो, अशी तक्रार होती. त्याने तो काळा धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला आणि रंगात काहीच खोट नसल्याचे त्याला आढळले. खोट शेजारात होती: निळ्याच्या सान्निध्यात डोळा काळ्यावर निळ्याच्या पूरक रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक चढवतो. रसायनाची तक्रार दृष्टीच्या अभ्यासात शिरली आणि १८३९ साली त्यावर त्याचा ग्रंथ निघाला. ही गोष्ट सांगून झाली की मी एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे वाटते, एक पिवळ्या पार्श्वभूमीवर चिकटवण्यासाठी आणि दुसरा गडद निळ्या. करडे दोन वेगळे दिसतात. वर्णपटमापीवर, म्हणजे कागदावरून कोणता प्रकाश किती परत येतो हे मोजणाऱ्या उपकरणावर, मात्र दोन्हींच्या परावर्तनाचा आलेख एकच येतो. चित्रकलेचे विद्यार्थी या फरकाला सरावलेले असतात, पण त्याचे कारण त्यांना सांगता येत नाही. विज्ञानाचे विद्यार्थी आधी उपकरणावर संशय घेतात, मग डोळ्यावर, आणि हा दुसरा संशय येईपर्यंत मी गप्प बसते.

त्यापुढचे सहा आठवडे सायनोटाइपचे, म्हणजे प्रकाशाने कागदावर निळे ठसे उमटवण्याचे. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि तिच्यात लपवाछपवी नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या मिश्रणाचा लेप कागदाला द्यायचा, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरायचा आणि पाण्याने धुवायचा. अतिनील किरणांमुळे मिश्रणातल्या लोहाचे फेरिक रूप बदलून फेरस होते आणि त्यातून प्रशियन निळा हा गडद रंग तयार होतो. जिथे प्रकाश पोहोचला नाही, तिथले मिश्रण धुऊन जाते. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांच्या प्रतिमा याच पद्धतीने छापल्या.

विद्यार्थ्यांना मी केवळ एवढेच सांगते की फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत सारख्या अंतराच्या पाच छटा मिळाल्या पाहिजेत. बहुतेक गट दोन, चार, सहा, आठ आणि दहा मिनिटे प्रकाश देतात. पहिल्या दोन छटांत ठळक फरक पडतो आणि शेवटच्या दोन जवळजवळ सारख्या येतात. 'या छटा सारख्या अंतरावर नाहीत' असे कलेच्या विद्यार्थ्याने ठणकावून सांगितल्याशिवाय विज्ञानाचा विद्यार्थी आलेखाकडे वळत नाही, आणि दर टप्प्याला वेळ दुप्पट करायचा असतो हे आलेखातून निघाल्याशिवाय कलेच्या विद्यार्थ्याची पाच छटांची पट्टी जमत नाही.

एक गंमतही नोंदवते. पहिल्या आवर्तनात एका गटाने हट्टाने सर्वांत टिकाऊ म्हणून विकला जाणारा कागद आणला आणि त्यांचेच ठसे सर्वांत फिके निघाले. दीर्घकाळ टिकावा म्हणून अशा कागदात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते, आणि प्रशियन निळ्याला अल्कली सोसत नाही. याचा उलगडा मी केला नाही. त्या गटातल्या चित्रकार मुलीने कागदावर आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे दाखवले.

प्रतिसाद : संशयात्मा

वरील वर्णन वाचून हा अभ्यासक्रम करावासा वाटतो, हे मान्य करूनच हरकत नोंदवतो. विद्यार्थी रमले आणि विद्यार्थी शिकले, ही दोन वेगळी विधाने आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमींनी २०१८ साली याच विषयावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. असे प्रयोग करत राहण्यास त्याचा पाठिंबा आहे, पण परिणामांचा कार्यकारणसंबंध सिद्ध करणारा पुरावा तोकडा असल्याचेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

वारंवार सांगितले जाणारे उदाहरण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे आहे. त्यांना कलासंग्रहालयातील चित्रे निरखायला लावले, तेव्हा रुग्णांच्या छायाचित्रांतील बारकावे ते तुलनेच्या गटापेक्षा अधिक नोंदवू लागले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष रास्त आहे, पण सराव चित्राचे वर्णन करण्याचा होता आणि परीक्षाही छायाचित्राचे वर्णन करण्याचीच होती. यावरून 'कलेमुळे चांगले डॉक्टर घडतात' इथवर उडी मारता येत नाही. आपल्या समितीच्या टिपणात 'सर्जनशीलता वाढेल' असे वाक्य असल्यास ते काढून टाकावे आणि 'प्रकाश व छटा यांचे नाते विद्यार्थी मोजू शकेल' असे काहीतरी लिहावे, म्हणजे सत्राच्या शेवटी ते खरे ठरले की नाही हे तपासता येईल. शिवाय हे सहा आठवडे कशातून कापले जाणार आहेत, याचा हिशेब मला या धाग्यात कुठेच दिसला नाही.

प्रतिसाद : रेघ

मी रेखांकन शिकवतो. संशयात्मा यांची हरकत योग्य आहे, पण पाहणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, याला इतिहासात एक बोलका दाखला आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. त्यात उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरची रेषा नुसती वेडीवाकडी आहे. काही महिन्यांनी गॅलिलिओने तीच सीमा पाहिली आणि त्याला तिथे डोंगरांच्या सावल्या दिसल्या, इतक्या स्पष्ट की अंधाऱ्या भागात चमकणाऱ्या शिखरांवरून त्याने त्यांची उंचीही काढली. गॅलिलिओ रेखांकन आणि यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याचे तंत्र, शिकलेला होता. त्याचे पुस्तक १६१० मध्ये आल्यानंतर हॅरियट यांच्याही चित्रांत विवरे दिसू लागली. अर्थात गॅलिलिओची दुर्बीणही अधिक शक्तिशाली होती, त्यामुळे सगळे श्रेय पेन्सिलीला देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

गुणांबाबत माझी सूचना अशी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक बी किंवा शिंपला देऊन त्याचे चित्र काढून घ्यावे आणि शेवटच्या आठवड्यात तीच वस्तू पुन्हा काढायला लावावी. चित्र सुंदर आहे की नाही हे पाहू नये; आधी न दिसलेले काय नंतर दिसले, ते विद्यार्थ्याने स्वतः लिहावे आणि गुण त्या लेखनाला द्यावेत. चुकलेल्या ठशांसह ठेवलेली रोजची वहीही तपासावी.

प्रतिसाद : प्रथमवर्ष

तिघांचेही आभार. 'सर्जनशीलता' हा शब्द टिपणात चार वेळा होता. चारही ठिकाणी खोडला. वेळेचा हिशेब असा की अंतिम प्रदर्शन रद्द करत आहोत, त्याच्या तयारीतच मागच्या वर्षी पाच आठवडे गेले होते. करड्या कागदाचा प्रयोग काल समितीसमोर केला. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी दोन्ही तुकडे सोडवून एकमेकांवर ठेवले, तरीही मी कागद बदलला असावा असे त्यांचे म्हणणे कायम आहे. एकच विचारायचे राहिले : सायनोटाइपसाठी ऊन वापरावे की अतिनील दिवा?

प्रतिसाद : निळाई

पहिल्या आठवड्यात ऊनच वापरा. मधेच ढग येतो, पट्टी बिघडते आणि विद्यार्थी स्वतःहून दिवा मागायला येतात. दिव्यापासून कागदाचे अंतर मात्र त्यांनाच ठरवू द्या.