लेबनीज कादंबऱ्या म्हणजे नुसते उमाळे?

कट्टेकर: शेजारच्या धाग्यावर 'निवांत' यांनी फतवा काढलाय : लेबनॉन सोडून गेलेल्यांच्या कादंबऱ्या म्हणजे देवदार, आजी, किब्बे (खिमा-दलियाचे गोळे) आणि उमाळे. रावी हाज, बैरूतहून कॅनडात गेलेला कादंबरीकार, वाचलाय का हो? 'कॉक्रोच', २००८. माँट्रियलच्या थंडीत उपाशी फिरणारा निवेदक, आत्महत्येचा प्रयत्न फसल्यावर सक्तीच्या समुपदेशनाला बसतो आणि तिथल्या बाईंना हप्त्याहप्त्याने आपलं बालपण सांगतो. खरं किती, पदरचं किती, शोधत बसा. यात उमाळा कुठे दिसला? १९७५ ते ९० यादवी, ९१ साली माफीचा कायदा, टोळ्यांचे म्होरके मंत्री. मग लोक हिशेब कादंबरीत मागणार नाहीत तर कुठे?

निवांत: फतवा नाही, मत. त्या निवेदकाच्या देशाचं कादंबरीत नावसुद्धा नाही, लेबनीज शिक्का तुम्हीच मारलात. अमीन मालूफ घ्या, फ्रेंचमध्ये लिहिणारा लेबनीज कादंबरीकार. १९७६ला पॅरिस गाठलं, १९९३ला गोंकूर (फ्रान्सचा मोठा साहित्य पुरस्कार) मिळालं ते कशाला? एकोणिसाव्या शतकातल्या डोंगरातल्या गावाला! बैरूत सोयीस्कर गायब.

कट्टेकर: त्याच गावात धर्मगुरूचा खून होतो आणि बापलेक सायप्रसला पळतात. बरंच रम्य गाव. मलपृष्ठावरून मतं बनवली की असं होतं.

नणंदबाई: किब्ब्याला नावं ठेवू नका हां! माझी भावजय ब्राझीलला साओ पावलोत राहते, तिकडे तो नाक्यावर वड्यासारखा मिळतो, खाणाऱ्याला लेबनॉन आठवतही नसेल. उलट आमच्या इथल्या (न्यू जर्सी) मंडळात गणपतीला पुरणपोळी 'अस्सल' नाही म्हणून अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांसमोर माझा डबा बाजूला ठेवला. साखर घातली होती म्हणून.

तिरपागडा: साखर?? डबा बाजूला ठेवला हे सौम्यच झालं.

नणंदबाई: अर्धा गूळ होता! आणि माझ्या आईकडे असंच करतात, तुमची परवानगी नकोय.

तिरपागडा: अर्ध्या गुळाची पोळी वेगळी मागितली असती तर दिली असती का कोणी?

पाणथळ: गूळ आवरा. ब्राझीलच्या मिल्टन हातूमची 'दोन भाऊ' (२०००) कोणी वाचली का? ॲमेझॉनकाठचं मनाऊस शहर, लेबनीज कुटुंब. आजोबांची खानावळ आहे, नाव 'बिब्लोस', म्हणजे निवांतरावांची स्वयंपाकघराची हौसही भागते. पण घराच्या आठवणी सांगतो कोण? परसातल्या खोलीत राहणारा, आदिवासी मोलकरणीचा मुलगा. जुळ्या भावांपैकी आपला बाप कोणता हेच त्याला धड कळत नाही. मालकांची स्मृती त्याच्या हातात. वारसा कोणाचा, बोला.

निवांत: बरं, हातूम वगळून माझं विधान वाचा. झालं समाधान?

कट्टेकर: हाज वगळा, हातूम वगळा. उरलं काय, लेबनीज कवी खलील जिब्रानच्या सुविचारांची कॅलेंडरं?

निवांत: जिब्रानवर घसरू नका. खांडेकरांनी मराठीत आणला म्हणून आमच्या घरात पुस्तकं आली.

नणंदबाई: अध्यक्षीणबाईंच्या स्वतःच्या पोळ्या विकतच्या होत्या, हे राहिलंच सांगायचं.