पक्षनिष्ठ सहकाऱ्याशी राजकारण बोलावे तरी कसे?

लेखाविभागी:
मी बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात आहे. कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी विभागातील एक ज्येष्ठ सहकारी बसतात; आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणतो. कामात ते चोख आहेत आणि कोणाच्याही अडीअडचणीला धावून जातात. मात्र राजकारणाचा विषय निघाला की त्यांच्या पक्षाचे कधीच काही चुकलेले नसते. पक्ष विरोधात होता तेव्हा ते स्वतंत्र विदर्भाची बाजू तावातावाने मांडत. सत्ता येताच ‘ही वेळ नव्हे’ असे तेच सांगू लागले. या बदलाकडे लक्ष वेधले, तर ‘तुमच्यांनी काय दिवे लावले?’ असा प्रश्न येतो. वस्तुतः माझा कोणताही पक्ष नाही. मागच्या आठवड्यात गोष्ट हमरीतुमरीवर आली आणि इतर प्रवाशांनीही आपापली बाजू वाटून घेतली. संबंध न बिघडवता त्यांच्याशी बोलता येईल का, की विषयच टाळावा?

धरमपेठवासी:
आपली अडचण विषयापेक्षा जागेची अधिक आहे. भरलेल्या बसमध्ये भाऊ हे ‘पक्षाचे माणूस’ म्हणून ओळखले जातात आणि सर्वांसमोर माघार घेणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने नाक कापून घेणे होय. तेव्हा एकांतात बोला आणि पक्षाचे नाव न घेता बोला. विदर्भाचा विषय त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्यात कोणाचेच हात स्वच्छ नाहीत. १९५३ साली विदर्भासह एक मराठी राज्य करण्याचा नागपूर करार झाला, १९५५ साली राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, १९६० साली विदर्भ महाराष्ट्रात आला आणि तेव्हापासून ही मागणी सत्तेबाहेर असताना आठवायची व सत्तेत गेल्यावर विसरायची, ही रीत एका पक्षाची राहिलेली नाही. विदर्भाच्या समतोल विकासाकडे पाहणाऱ्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यानंतर राज्याने दोन्ही आघाड्यांची सरकारे पाहिली. ‘मंडळाबाबत आपल्याला काय व्हायला हवे होते?’ एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. ‘काल तुम्ही असे म्हणाला होता’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ते ऐकल्यावर माणूस विचार सोडून स्वतःचा बचाव करू लागतो.

महालचा जावई:
आपला वार्षिक गोपनीय अहवाल हेच भाऊ लिहितात का? तसे असेल, तर मुकाट्याने क्रिकेटवर बोला.

लेखाविभागी:
अहवाल ते लिहीत नाहीत. काल चहाच्या टपरीवर मंडळाचा विषय काढला. आपल्याही पक्षाने विकासाच्या अनुशेषाच्या, म्हणजे राहून गेलेल्या कामांच्या बाबतीत विदर्भाच्या तोंडाला पाने पुसली, हे त्यांनी आश्चर्यकारक शांतपणे मान्य केले. पण हे बसमध्ये बोलायचे नाही, अशी अटही घातली.

सीताबर्डीकर:
अट पाळा, परंतु आता भाऊंचे मत बदलेल, अशी अपेक्षा ठेवू नका. माझे सासरे अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसले. त्यांच्यासाठी पक्ष म्हणजे जाहीरनामा नव्हता. सासूबाई इस्पितळात होत्या तेव्हा रात्री रक्त द्यायला आलेली माणसे म्हणजे पक्ष होता. त्या ऋणापुढे आपले मुद्दे टिकत नाहीत आणि मला त्यात काही गैरही वाटत नाही. उलट नेत्यांकडे पाहा. वेगळ्या विदर्भाचे नेते जांबुवंतराव धोटे १९७१ साली नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकतर्फे आणि १९८० साली इंदिरा काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. बनवारीलाल पुरोहित १९८४ आणि १९८९ साली काँग्रेसतर्फे निवडून आले, तर १९९६ साली भाजपतर्फे. नेते घर बदलतात, कार्यकर्ता तेथेच सतरंजी अंथरत राहतो. सासऱ्यांनी ज्या नेत्याची पत्रके घरोघरी वाटली होती, त्याने पक्ष सोडल्यावर त्याला पुन्हा कधी मत दिले नाही. म्हणून भाऊंना आधी हे विचारा की, उमेदवाराने पक्ष बदलला तर तुम्ही कोणाकडे राहाल? याचे उत्तर ते क्षणात देतील. मग पक्षानेच भूमिका बदलली तर काय, असे विचारा. आपली चर्चा खऱ्या अर्थाने तेथून सुरू होईल, अर्थात टपरीवरच.