खणाच्या तुकड्यांची गोधडी: सुटणाऱ्या दोऱ्यांसाठी

ताई, खणाचे चौकोन कापताच कडांचे दोरे सुटतात असं तुम्ही लिहिलंय, आणि वर कुणीतरी सगळ्या कडांना नेलपॉलिश लावायला सुचवलंय. ते मात्र नका करू. कड कडक होते, हाताने धावदोरा घालताना सुई अडते आणि गोधडी अंगाला टोचते.

खणातला रेशमी किंवा रेयॉनचा दोरा गुळगुळीत असतो, सुती दोऱ्यासारखा शेजारच्याला धरून राहत नाही. म्हणून कापण्याआधीच मागून पातळ, विणलेलं फ्यूजिंग (उष्णतेने चिकटणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवा. इस्त्री घासत फिरवायची नाही, एकेका जागी दाबून उचलायची. आधी एका कोपऱ्यावर तापमान बघून घ्या, रेयॉन-पॉलिस्टर मिश्रणाचा खण जास्त उष्णतेत आक्रसतो. मग कापा. सुती तुकड्यांना पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पुरते, इथे अर्धा इंच हवीच. शिवणीची टीप बारीक ठेवा, एकेक टाका २ मिमीच्या आसपास.

फ्यूजिंग नको असेल तर प्रत्येक तुकडा जुन्या मऊ सुती साडीच्या तेवढ्याच तुकड्यावर ठेवून चारही कडांना झिगझॅग मारा. वेळ जातो, पण मला हेच जास्त आवडतं, कारण गोधडीचा मऊपणा टिकतो. आणि सुटे तुकडे कधीही धुऊ नका.