‘सर्व्हायव्हल’ला काय म्हणायचं? वाचणं, जगणं की तगणं?

धुळेकरीण:
मंडळी मदत हवीय. माझ्या भाचीला ट्रायसोमी १८ आहे, एडवर्ड्स सिंड्रोम म्हणतात तो, म्हणजे अठराव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती. बहिणीच्या सासरी अमळनेरला सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय आणि ‘लाँग टर्म सर्व्हायव्हल’वर दोन दिवस अडकलेय. डिक्शनरीत ‘उत्तरजीविता’ मिळालं. आजेसासूबाईंना हे वाचून दाखवलं तर विचारतील, ही कोणाची सून?
दुसरा शब्द ‘इनकंपॅटिबल विथ लाइफ’. पोर जन्मली तेव्हा एका दवाखान्यात आम्हाला त्याचं थेट मराठी ऐकवलं होतं, ‘हे जगण्यातलं नाही’. आता साडेतीन वर्षांची आहे. मुठी अजून घट्ट, पहिलं बोट मधल्यावर चढलेलं, दूध नाकातल्या नळीने. बहीण सिरिंज कपाळाच्या उंचीवर धरून उभी राहते आणि दूध आपोआप उतरतं तोवर ही टकामका बघते.

रावेरचा केळीवाला:
ताई, तगणं. मृगबाग लावली की आम्ही हेच विचारतो, रोपं तगली का. तग धरणं यात काळ येतोच, ‘लाँग टर्म’ वेगळं लिहायची गरज नाही.

भुसावळ जंक्शन:
भाऊ राग मानू नका पण तगणं पिकाला ठीक, लेकराला नको वाटतं, कसंबसं दिवस काढतंय असा वास येतो त्याला. तसं ‘दगावलं’ आपण बाळालाही म्हणतो आणि म्हशीलाही, ते कोणाला खटकत नाही, ही गंमतच आहे.

लॅबवाला:
गुणसूत्रावरून आठवलं. नवापूरकडचे पेशंट सुरतहून गुजराती रिपोर्ट आणतात त्यात ‘रंगसूत्र’ असतं आणि मूळ शब्दाला तेच जवळचं आहे. वाल्डेयरने १८८८ मध्ये क्रोमोसोम नाव ठेवलं कारण ते रंग चांगला धरायचे. गुणांशी त्यांचा संबंध तेव्हा सिद्ध झाला नव्हता.
आणि पत्रकात ‘मोझॅक’ आलं तर भाषांतर करू नका, जुन्या घरातली मोझॅकची फरशी सगळ्यांना माहीत आहे. काही पेशींत ४६ गुणसूत्रं, काहींत ४७, अशी तुकड्यातुकड्यांची. अशी मुलं बऱ्याचदा जास्त काळ जगतात.
खरी गडबड ‘मीडियन’ची होते, त्याचं मराठी मध्यक, पण लोक ती मुदत समजतात. कॅनडात ओंटारिओमध्ये १९९१ ते २०१२ मधल्या ट्रायसोमी १८ च्या २५४ मुलांचा अभ्यास २०१६ ला आला, त्यात मध्यक ९ दिवस. म्हणजे निम्मी त्याआधी गेली. बाकी निम्म्यांचं काय हे तो आकडा सांगतच नाही. वर्ष काढलेली १२.६ टक्के, आणि दहा वर्षं काढलेली ९.८. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, पहिला वाढदिवस झालेल्यांतली बरीचशी पुढे टिकली. ट्रायसोमी १३ चं, म्हणजे तेराव्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात त्याचं, पण असंच, १९.८ आणि १२.९.

भुसावळ जंक्शन:
मग दोन शब्द लागतील ना? पहिल्या वर्षासाठी ‘वाचणं’, पुढच्यासाठी ‘जगणं’. वाचणं एकदाच घडतं, संकटातून बाहेर पडलो की झालं. जगणं रोजचं.

धुळेकरीण:
हे पटलं! ‘वाचलेली मुलं’ आणि ‘पुढे जगत राहिलेली मुलं’ असं लिहिते. इनकंपॅटिबलच्या जागी ‘बहुतेक बाळं पहिल्या काही आठवड्यांत दगावतात, काही जगतात’. लांबलं, पण खोटं नाही. ‘अल्पायुषी’ मात्र खोडलं, तो पत्रिकेतला शब्द आहे, रिपोर्टातला नाही.
काल आजेसासूबाईंना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाल्या, ‘वाचनी त्ये जुनं व्हयनं. जगी राहिनी, आसं लिख.’

रावेरचा केळीवाला:
आजींपुढे आपण हरलो. तगणं मागे घेतो.

लॅबवाला:
अहिराणीत ‘राहिनी’ का ‘ऱ्हायनी’? आमच्या शिरपूरकडे ऱ्हायनीच ऐकतो.

धुळेकरीण:
दादा, आता ते नका काढू, प्रिंट उद्या द्यायचीय.